भविष्यकाळाचा सातबारा कुणाच्या नावावर?

गुलामीच्या मानसिकतेतून मुक्ती हा सध्या दिल्लीचा आवडता मंत्र आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जे पाच प्रण जाहीर केले, त्यांत तो होता. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हाही हाच मंत्र म्हटला गेला. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी रामनाथ गोएंका व्याख्यानात पंतप्रधानांनी त्याला मुदतही घालून दिली. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाला २०३५ साली दोनशे वर्षे होतील. तोवर देशाला त्या मानसिकतेतून बाहेर काढायचे. त्यापुढे २०४७ चा विकसित भारत आहेच. थोडक्यात, देशाच्या भविष्यकाळाचे वेळापत्रक छापून तयार आहे. ते छापताना आम्हाला मात्र कुणी विचारलेले नाही.

इंग्रजांची छाया पुसून टाकलेला देश कसा दिसेल, ही मुळात एक कल्पना आहे. अशी कल्पना करण्याचा हक्क कुणाला आहे आणि ती करताना कुणाचा अनुभव मोजला जातो, हा आजच्या राजकारणातला कळीचा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधायला दिल्लीला जाण्याची गरज नाही. सोलापूर पुरेसे आहे.

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द मराठी होऊन गेला आहे. सेटलमेंट फ्री कॉलनी हा शहरातला लोकांचा रोजचा पत्ता आहे. त्या पत्त्यात एक अख्खा कायदा पुरलेला आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानपुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता आला आणि १९२४ साली त्याला अधिक धार लावण्यात आली. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमाती गुन्हेगार ठरवल्या गेल्या. गुन्हा सिद्ध होण्याची गरजच उरली नाही, जन्म हाच पुरावा झाला. अंगठ्याचे ठसे, हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, आणि तारेच्या कुंपणात वस्ती. आईबापांपासून मुले वेगळी काढून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही या कायद्याने सरकारला दिला होता. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. कुंपणातली माणसे भोंग्याबरोबर गिरणीत जात आणि हजेरीला परत कुंपणात येत. सेटलमेंटच्या एका भागाला 'उमेदपूर' असे नाव दिले गेले होते. तारेच्या आत उमेद! चांगल्या वर्तणुकीची खात्री पटली म्हणजे कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहायची मुभा मिळे, म्हणून ती 'फ्री' कॉलनी.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली उठवला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. पंडित नेहरूंच्या हस्ते सोलापुरात तार तोडली गेली, ही आठवण इथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. तेव्हापासून ही माणसे 'विमुक्त' झाली. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. सोलापूरच्या सेटलमेंटचे स्वातंत्र्य त्यानंतर आले. देशात दोन स्वातंत्र्यदिन असू शकतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वसाहतवादावर बोलण्यापूर्वी एकदा सोलापूरला यावे.

तार इंग्रजांची होती हे खरे. ती ज्या खांबांना ठोकली होती ते खांब कुणाचे होते? १८७१ चा कायदा करताना जो युक्तिवाद मांडला गेला तो जगजाहीर आहे. या देशात धंदा जातीने चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हा हाही काही जातींचा वंशपरंपरागत धंदा आहे, असा तो युक्तिवाद होता. ही अक्कल इंग्रजाने लंडनहून आणली नव्हती. ती त्याला इथल्या शास्त्रांनी आणि शास्त्र सांगणाऱ्यांनी तयार दिली. त्याने फक्त तिला राजपत्राचा शिक्का मारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधणाऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिन्ही समूहांना एका ओळीत उभे करून हिंदू संस्कृतीला जाब विचारला होता, तो याचसाठी.

म्हणून इंग्रजांची छाया पुसण्याची कसोटी आम्ही अशी लावतो: तार काढली, खांब उपटले का? दंडसंहितेचे नाव बदलले त्याच २०२४ साली, ३ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडलोट कोणत्या जातीने करायची आणि स्वयंपाक कोणत्या जातीने करायचा हे लिहिलेले होते. विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार धरण्याची वाटही त्यांत होती. न्यायालयाने ते सारे घटनाबाह्य ठरवले. लक्षात घ्या, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे ही पाने कुणाला खुपली नाहीत. १९५२ ला एक कायदा गेला आणि त्याच्या जागी राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले. मुंबई राज्याचा १९५९ चा. मेकॉले खुपतो, मनू खुपत नाही. मेकॉले काही आमचे दैवत नव्हे. पण कायद्यापुढे ब्राह्मण आणि महार सारखे, ही गोष्ट पेशवाईच्या दंडनीतीत नव्हती, हे विसरून कुणी २०३५ चे चित्र काढणार असेल तर त्या चित्रात आमची जागा कुठे आहे हे आम्ही विचारणारच.

आता कुणी म्हणेल, हा कायद्याचा आणि राजकारणाचा विषय. यात गोष्टी-कादंबऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. कोणताही कायदा होण्याआधी तो कुणाच्या तरी डोक्यात चित्र म्हणून तयार होतो. समाज उद्याची चित्रे कुठून घेतो? कथा, नाटक, सिनेमा आणि शाळेच्या पुस्तकातल्या धड्यांतून.

मराठीत उद्याची कथा लिहिण्याची परंपरा चांगली जुनी आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा महाराष्ट्राने तिचे मनःपूर्वक स्मरण केले आणि ते योग्यच होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून त्यांनी बक्षीस मिळवले होते. अंधश्रद्धेविरुद्ध आणि फलज्योतिषाविरुद्ध ते ठामपणे उभे राहिले, याबद्दल आमच्या चळवळीला त्यांचा आदर आहे. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा इंग्रजी रूपात देशभरातल्या अकरावीच्या मुलांनी वाचली. मराठे पानिपतावर जिंकले असते तर, या कल्पनेवर ती उभी आहे. कथा म्हणून ती उत्तम आहे. पण ती वाचताना आमच्या मुलाच्या मनात जो प्रश्न येतो तो वर्गात विचारला जात नाही. त्या जगात १ जानेवारी १८१८ चे भीमा कोरेगाव नाही. मग १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा आहे का? सावित्रीबाई आहेत का? पेशवाई बुडालीच नाही त्या पुण्यात आमच्या आज्याच्या गळ्यातले मडके कोणत्या साली उतरले? हा प्रश्न नारळीकरांनी घेतला नाही म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तो प्रश्न आमचा आहे, आणि त्याची कथा आम्ही लिहायची होती.

जगात ज्यांच्यावर अशीच वेळ आली त्यांनी ही कामगिरी अंगावर घेतली आहे. मूळ रहिवाशांच्या विज्ञानकथांचा एक संग्रह, 'वॉकिंग द क्लाउड्स', २०१२ साली अनिशिनाबे वंशाच्या प्राध्यापिका ग्रेस डिलन यांनी संपादित केला आणि तेव्हापासून या लेखनाला स्वतःचे नाव मिळाले. त्यांचा मुद्दा साधा पण हलवून सोडणारा आहे. गोऱ्यांच्या कथांत जगाचा अंत उद्या होणार असतो. मूळ रहिवाशांच्या जगाचा अंत कधीच होऊन गेलेला आहे. त्यांची कथा त्या अंतानंतर सुरू होते. चेरी डिमालाइन या मेटी लेखिकेची २०१७ ची कादंबरी 'द मॅरो थीव्हज' घ्या. तीत उद्ध्वस्त जगातल्या बाकीच्या लोकांना स्वप्ने पडेनाशी झाली आहेत. मूळ रहिवाशांना अजून पडतात. म्हणून त्यांच्या हाडांतला मगज काढून घेण्यासाठी त्यांची शिकार होते आणि ज्या ठिकाणी त्यांना नेतात त्यांना 'शाळा' म्हणतात. कॅनडाने मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत डांबली त्यांचीच ती पुढची आवृत्ती आहे. सेटलमेंटमधल्या माणसाला ही कादंबरी समजावून सांगावी लागणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९२० सालीच 'द कॉमेट' ही कथा लिहिली होती. धूमकेतूने न्यूयॉर्क मरून पडते; एक काळा माणूस आणि एक गोरी स्त्री उरतात. वंशभेद संपायला जगच संपावे लागते काय, असा तिचा रोख आहे. याच द्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागवली होती. आमच्या आणि त्यांच्या लढ्याचे नाते पत्राने जुळलेले आहे. ते कथेनेही जुळायला हवे.

उद्याचे जग रंगवणे ही परदेशी फॅशन आहे, असे मात्र कुणी समजू नये. संत रविदासांचे बेगमपुरा हे नगर कुठल्या नकाशावर होते? जिथे कर नाही, भय नाही, कुणी दुय्यम नाही, ते नगर त्यांनी कल्पनेने वसवले. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त दशावताराच्या पुराणालाच उलटे केले आणि बळीराजाला मागच्या काळातून उचलून पुढच्या काळात ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एकाच घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊन प्रेमाने नांदतील असे कुटुंब आहे. आज धर्मांतरविरोधी कायद्यांच्या काळात ते कुटुंब अजून उद्याचेच वाटते. म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रा' नाटकाने बाबासाहेबांच्या हयातीतच आमच्या दुःखाचा युगायुगांतला प्रवास रंगमंचावर आणला.

आणि खुद्द बाबासाहेब! इंग्रज गेल्यानंतरच्या भारताची दोन चित्रे त्या काळात देशापुढे होती. एक गांधींचे, १९०९ च्या 'हिंद स्वराज्या'तले. यंत्र नको, रेल्वे नको, वकील नको, जुन्या गावाकडे चला. दुसरे बाबासाहेबांचे, १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधले. शेती राज्याच्या मालकीची, जातपात न पाहता गावकऱ्यांनी मिळून कसायची. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. मूलभूत उद्योग राज्याचे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवगाण्याचा जो समाचार घेतला तो सर्वांना माहीत आहे. दोन्ही चित्रांत इंग्रज नाही. पण एकात माणूस मागे जातो आणि दुसऱ्यात पुढे. आजचे सरकार ज्या मुक्तीची भाषा करते तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे ओळखायला एवढी खूण पुरे.

एवढा वारसा असताना आमचे साहित्य उद्याकडे का वळले नाही? सोलापूर जिल्ह्यापासूनच पाहू. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ चे. त्याआधी लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. या पुस्तकांनी मराठी भाषेची कातडी सोलली. त्यांची थोरवी वादातीत आहे. पण प्रस्थापितांनी तिचा उपयोग कसा केला? त्यांनी आमच्या लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आणि तिथून खाली उतरूच दिले नाही. तुमचे दुःख सांगा, आम्ही हळहळतो, अभ्यासक्रमाला लावतो, पुढच्या वर्षी आणखी एक दुःख आणा. साक्षीदाराला झालेले विचारतात; काय व्हावे हे त्याला कुणी विचारत नाही. ते न्यायाधीश ठरवतो. भूतकाळ दलितांचा, वर्तमान नेत्यांचा आणि भविष्यकाळ उच्चवर्णीयांचा, अशी ही वाटणी आहे. साहित्यातलीही ही चातुर्वर्ण्यव्यवस्थाच म्हणायची.

ही वाटणी मोडणे आज निकडीचे झाले आहे, कारण विमुक्तांचा भविष्यकाळ दुसरेच कुणी लिहायला बसले आहे. पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली 'मार्व्हल' ही कंपनी उभी केली. गुन्ह्याचा आगाऊ अंदाज बांधणे हेही अशा यंत्रणांचे काम म्हणून सांगितले जाते. यंत्राला जात नसते, असे म्हणणारे भाबडे आहेत. यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून. त्या नोंदींत शंभर वर्षे कुणाची नावे लिहिली गेली? चोरी कुठेही होवो, जीप आधी कोणत्या वस्तीत गेली? १८७१ चे रजिस्टर यंत्राला वाचायला दिले तर यंत्र १८७१ चाच निकाल देईल, आणि तो निकाल गणिताचा आहे म्हणून त्यावर अपीलही नसेल. तारेचे कुंपण दिसत तरी होते.

दुसरीकडे मोजणीचा प्रश्न लोंबकळत आला आहे. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्याचे अध्यक्ष होते त्या राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. पुढे इदाते आयोग झाला. लमाण माणूस महाराष्ट्रात विमुक्त जाती, सीमा ओलांडून कर्नाटकात गेला की अनुसूचित जाती, तेलंगणात पोहोचला की अनुसूचित जमाती. एकच माणूस, एकच बोली, तीन रकाने. २०२७ च्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि विमुक्त-भटक्यांच्या संघटनांनी स्वतंत्र रकान्याची मागणी लावून धरली. ज्याची मोजणी नाही त्याचे अंदाजपत्रक नाही, आणि ज्याचे अंदाजपत्रक नाही त्याचा २०४७ नाही.

म्हणून आमच्या तरुणांनी आता उद्याच्या कथा लिहाव्यात. विषयांना तोटा नाही. २०४७ साली फ्री कॉलनीतली एक मुलगी पोलिसांचे यंत्र दुरुस्त करायला जाते आणि त्याच्या पोटात तिला आपल्या पणज्याच्या अंगठ्याचा ठसा सापडतो. ती तो पुसते की जगाला दाखवते? १८७१ चा कायदा झालाच नाही, इंग्रज आलेच नाहीत, अशा देशात पारध्याचा तांडा एका गावाच्या वेशीवर येतो. पाटील त्याला मुक्काम करू देतो का? बाबासाहेबांची १९४७ ची योजना मंजूर झाली असती तर उजनीचे पाणी आज कुणाच्या उसाला गेले असते आणि कुणाच्या ज्वारीला? गोरमाटी आणि कैकाडी बोली यंत्राला शिकवायच्या की त्या यंत्रापासून लपवायच्या? यांतली प्रत्येक गोष्ट करमणूक करील आणि करमणूक करता करता खांबाला हात घालील.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मनुवाद्यांनी पुष्पक विमान उडवले म्हणून आपणही आपल्या पूर्वजांचे विमान उडवू नये. आम्ही सारे राजेच होतो, असा खोटा सुवर्णकाळ रचणे ही त्यांची विद्या आहे. बाबासाहेबांनी आम्हाला बुद्धाच्या चिकित्सेची वाट दिली. आमच्या उद्याच्या नगरात बाईचे काय, आमच्यातल्या पोटजातींचे काय, जातपंचायतीचे काय, हेही विचारले गेले पाहिजे. सोयीचे प्रश्न तेवढेच विचारणारी कथा प्रचारपत्रक होते.

ही सुरुवातही झालेली आहे. मिमी मंडल यांनी ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या लेखिकेवर सहसंपादित केलेल्या ग्रंथाला २०१८ साली ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ साली जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. फुले-आंबेडकरांच्या मराठीने मागे का राहावे?

सोलापूरला तर याची परंपरा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे, वह्या-पुस्तके सभेने दिली. आणि त्या मुलांनी काय केले? 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. पोटाला पुरेसे मिळत नव्हते त्या काळात आमच्या मुलांना स्वतःचे मासिक हवे होते. त्या वसतिगृहाला १०० वर्षे होऊन गेली. आज जिल्ह्यात वसतिगृहे आहेत, जयंती मंडळे आहेत, विद्यापीठ आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकाचे एका दिवसाचे भाडे वाचवले तर उद्याच्या कथांची एक स्पर्धा होते आणि निवडक कथांची पुस्तिकाही निघते. ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनाला त्या कथा सेटलमेंटच्या चौकात मोठ्याने वाचाव्यात. कैकाडीत, गोरमाटीत, पारध्यांच्या बोलीत आणि मराठीतही. ऐकायला गिरणीतून निवृत्त झालेले म्हातारेही येतील. त्यांनी तार पाहिलेली आहे. गोष्ट खरी उतरली की नाही, ते सांगतील.